अठ्ठावीस आवाजांची भाषा

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांना 'च'ची भाषा येते? हात वर करा पाहू!

कुणी प्रत्येक अक्षराआधी 'च' चिकटवतं, तर कुणी शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी नेऊन ठेवतं. प्रत्येक शाळेचे, प्रत्येक आळीचे नियम निराळे. पण हेतू एकच! आपण दोघी काय बोलतोय ते तिसरीला मुळीच कळता कामा नये. ती बिचारी टकमका बघत राहते आणि आपण फिदीफिदी हसतो.

आज मी तुम्हांला ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्या मुलानं याच्या अगदी उलटी भाषा करायचं मनात घेतलं. तिसऱ्याला बाहेर ठेवणारी नाही, तर तिसऱ्याला, चौथ्याला, हजाराव्याला आत घेणारी. कुठल्याही देशातल्या माणसाला चटकन शिकता यावी अशी. पण भाषा शिकायची म्हणजे आधी ती तोंडातून बाहेर पडायला हवी, नाही का? म्हणून त्याला व्याकरणाइतकाच विचार करावा लागला तो आवाजांचा. तीच गंमत आज पाहू या.

एका गावात चार भाषा

आजच्या पोलंड देशात ब्याविस्तोक नावाचं शहर आहे. पूर्वी ते रशियाच्या साम्राज्यात होतं. तिथं १५ डिसेंबर १८५९ रोजी लुडविक झामेनहॉफचा जन्म झाला. त्याचे वडील भाषांचे शिक्षक होते. घर ज्यू धर्माचं.

या शहरात रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू लोक शेजारी शेजारी राहत. ज्यूंची घरातली भाषा यिडिश. म्हणजे एकाच बाजारात चार भाषा कानावर पडत! तुम्ही म्हणाल, "वा, काय मजा!" पण तिथं मजा नव्हती. प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय. भाषा वेगळी, म्हणजे माणूस परका. आणि परका म्हणजे वाईटच! चिडवाचिडवी, भांडणं, मारामाऱ्या रोजच्याच. 'सगळी माणसं भावंडं आहेत' असं लहानग्या लुडविकला घरात शिकवत. रस्त्यावर आला की मात्र त्याला माणसं दिसतच नसत. दिसत ते फक्त रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू. मोठेपणी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं ही आठवण सांगितली आहे. आपण मोठे झालो की हे दुःख दूर करायचंच, असं त्यानं लहानपणी ठरवून टाकलं होतं.

त्याला वाटे, सगळ्यांची मिळून एक भाषा असती तर! आपापली भाषा घरी ठेवायचीच, पण शेजाऱ्याशी बोलायला ही दुसरी. कुणाच्याच मालकीची नसलेली.

शाळेत असतानाच तो कामाला लागला. डिसेंबर १८७८ मध्ये, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, त्यानं आपल्या भाषेचा पहिला आराखडा मित्रांसमोर मांडलासुद्धा. पुढं तो डोळ्यांचा डॉक्टर झाला, पण भाषेचा नाद सुटला नाही.

तोंडातलं दुकान

आता जरा थांबा. लुडविकपुढं कोणतं काम होतं, ते समजून घेण्यासाठी आपण आपल्याच तोंडात एक फेरी मारून येऊ.

हळूहळू म्हणा: क, च, ट, त, प. जीभ कुठं लागते त्याकडं लक्ष ठेवा. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो, पार घशाजवळ. 'च'ला जीभ टाळूला लागते. 'ट'ला जिभेचं टोक वळून वर जातं. 'त'ला ते दातांना टेकतं. 'प'ला तर जिभेला सुट्टीच, काम सगळं ओठांचं! म्हणजे आपली वर्णमाला ही घशाच्या स्टेशनातून निघून ओठांच्या स्टेशनापर्यंत येणारी आगगाडी आहे. पाठ करताना ही गोष्ट आपल्या कधी लक्षातच येत नाही.

आता कागदाची एक पातळ पट्टी ओठांसमोर धरा आणि 'क' म्हणा, मग 'ख' म्हणा. 'ख'ला पट्टी जास्त हलली ना? हवेचा तो जोरकस फुंकर म्हणजेच 'ख'. असाच फुंकर 'घ', 'थ', 'ध', 'भ' अशा अक्षरांत असतो.

तिसरा प्रयोग. गळ्यावर दोन बोटं ठेवा. 'स्स्स्स' असा सापासारखा आवाज काढा. मग 'झ्झ्झ्झ' असा भुंग्यासारखा काढा. दुसऱ्या वेळी बोटांना गुदगुल्या झाल्या की नाही? गळ्यातले पडदे थरथरतात, त्याचा हा परिणाम.

जीभ कुठं लावायची, फुंकर घालायचा की नाही, गळा थरथरवायचा की नाही, हवा नाकातून सोडायची की तोंडातून, एवढ्या बटणांवर माणसाला शेकडो आवाज काढता येतात. पण कुठलीच भाषा ते सगळे वापरत नाही. प्रत्येक भाषा या भल्यामोठ्या दुकानातून थोडेसेच आवाज आपल्या पिशवीत टाकते आणि तेवढ्यांवर हजारो शब्दांचा संसार करते.

लहानपणी आपल्या कानावर जी पिशवी पडते, ती आपल्याला सोपी वाटते. दुसऱ्याची पिशवी अवघड वाटते. गोष्टीतला खरा पेच इथंच आहे. सगळ्या जगासाठी पिशवी भरायची, तर तिच्यात काय घालायचं?

फसलेला बेत

लुडविकच्या डोक्यात आधी एक भन्नाट कल्पना आली. लांबलचक शब्द हवेत कशाला? एक-दोन अक्षरांचे शब्द करू. त्यानं चक्क गणितासारखी मांडणी केली. एक स्वर घ्यायचा, त्याला क्रमानं एकेक व्यंजन जोडायचं. मग व्यंजन आधी, स्वर नंतर. मग तीन-तीन अक्षरं. जो तुकडा तयार होईल, त्याला एक अर्थ देऊन टाकायचा. बोलायला किती सुटसुटीत!

पण वापरून पाहिल्यावर काय झालं? त्याला स्वतःलाच ते शब्द शिकणं जड गेलं आणि लक्षात ठेवणं त्याहून जड! सगळे तुकडे एकमेकांसारखेच वाटायला लागले. 'आब' म्हणजे पाणी की 'आद' म्हणजे पाणी, असा गोंधळ. (हे दोन अर्थ माझे, नुसते उदाहरणासाठी.) शेवटी तो बेत त्यानं सोडला आणि युरोपातल्या अनेक भाषांत आधीच रुळलेले शब्द घेऊन ते सारखे, नीटनेटके करायचं ठरवलं.

यातून एक गोष्ट कळते. भाषेचे आवाज नुसते सोपे असून भागत नाही. ते कानाला एकमेकांपासून वेगळेही ऐकू यायला हवेत.

दोन 'च'ची कमाल

२६ जुलै १८८७ रोजी वॉर्सा शहरात साधारण चाळीस पानांचं एक छोटं पुस्तक प्रसिद्ध झालं. ते रशियन भाषेत लिहिलेलं होतं. छपाईचे पैसे लुडविकच्या होणाऱ्या सासऱ्यांनी दिले होते. पुस्तकावर त्यानं स्वतःचं नाव घातलं नाही. 'डॉक्टर एस्पेरांतो' असं टोपणनाव घेतलं. त्या नव्या भाषेत एस्पेरांतो म्हणजे 'आशा बाळगणारा'. पुढं लोकांनी भाषेलाच ते नाव देऊन टाकलं.

या भाषेची अक्षरं अठ्ठावीस. पाच स्वर आणि तेवीस व्यंजनं. लिपी रोमन, म्हणजे इंग्रजी लिहितो तीच. पण त्यातली क्यू, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही चार अक्षरं काढून टाकली. उरली बावीस. मग सहा अक्षरांवर एकेक खूण दिली आणि त्यातून सहा नवी अक्षरं तयार झाली. पाचांच्या डोक्यावर छपरासारखी टोपी आहे आणि 'यू'वर छोटी वाटी. बावीस अधिक सहा, अठ्ठावीस!

या टोप्यांनी पुढं बराच त्रास दिला. पुष्कळ छापखान्यांत तसे खिळेच नसत. तेव्हा टोपी नसेल तर अक्षरापुढं 'एच' लिहा, अशी वाट लुडविकनंच दाखवली. संगणक आल्यावर काहीजण त्याऐवजी 'एक्स' लिहू लागले, कारण तो एक्स या भाषेत रिकामाच बसलेला होता!

आता आपल्या फायद्याची गोष्ट ऐका. आधी 'चार' म्हणा. मग 'चारा' म्हणा. दोन्हीकडं अक्षर एकच, 'च'. पण आवाज? 'चार', 'चिमणी', 'चंद्र' यांतला 'च' टाळूवरचा. 'चारा', 'चमचा', 'चूल' यांतला 'च' दातांजवळचा, 'त्स'सारखा. मराठीत आपण दोन्ही आवाज रोज वापरतो, पण लिहितो एकाच अक्षरानं. कोणता कुठं म्हणायचा ते नुसतं ऐकून ऐकून माहीत असतं.

एस्पेरांतोत हे दोन्ही 'च' आहेत! फक्त त्यांची अक्षरं वेगळी आहेत. बिनटोपीचा 'सी' म्हणजे 'चमचा'तला च. टोपीवाला 'सी' म्हणजे 'चिमणी'तला च. आणि ही अदलाबदल चालत नाही बरं का! 'चेलो' हा शब्द 'चमचा'तल्या चनं म्हटला तर अर्थ होतो ध्येय. 'चिमणी'तल्या चनं म्हटला तर अर्थ होतो पेशी, शरीरातली.

इंग्रजी बोलणाऱ्यांना शब्दाच्या सुरुवातीला 'चमचा'तला च म्हणताना जीभ अडखळल्यासारखी होते. आपल्याला काहीच वाटत नाही. आणि गंमत पाहा, एस्पेरांतोत शांततेला म्हणतात 'पाचो'. त्यातला च कुठला? 'चमचा'तला!

म्हणायचं तसंच लिहायचं

इंग्रजीच्या तासाला तुम्ही कधीतरी वैतागला असालच. बी-यू-टी बट, मग पी-यू-टी पुट का? एस्पेरांतोत असले रुसवेफुगवे नाहीत. एका अक्षराचा एकच आवाज आणि एका आवाजाचं एकच अक्षर. मुकं अक्षर एकही नाही. जसं लिहिलं तसंच वाचायचं, हा या भाषेचा नियमच आहे.

तुम्हांला सर्वांत आवडेल अशी गोष्ट पुढंच आहे. या भाषेत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही! स्वर फक्त पाच: आ, ए, इ, ओ, उ. 'इ' जराशी लांबली तरी शब्दाचा अर्थ बदलत नाही. शुद्धलेखनाच्या वहीत लाल गोल पडायची भीतीच नको. (पण म्हणून मराठीच्या पेपरात तसं करू नका हं!)

पाचच स्वर का बरं पुरतात? एका अंगणात पाच मुलं लांब लांब उभी केली तर प्रत्येकाला हातपाय हलवायला जागा राहते. वीस उभी केली तर धक्काबुक्की होणारच. तसंच हे. स्वर थोडे असले की उच्चार जरा इकडं तिकडं झाला तरी तो दुसऱ्या स्वरावर जाऊन आपटत नाही. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो.

शब्दातल्या कोणत्या अवयवावर जोर द्यायचा, त्याचाही नियम ठरलेला. नेहमी शेवटून दुसऱ्यावर. 'आमीको' म्हणजे मित्र, जोर 'मी'वर. 'लेर्नेयो' म्हणजे शाळा, जोर 'ने'वर. इंग्रजीत 'फोटोग्राफ'मधला जोर पहिल्या 'फो'वर असतो, आणि 'फोटोग्राफी' म्हटलं की तो 'टो'वर उडी मारतो. एस्पेरांतोत अशा उड्या नाहीत.

काही शब्द तर तुम्हांला ओळखीचे वाटतील. 'दू' म्हणजे दोन, 'त्री' म्हणजे तीन, 'नाउ' म्हणजे नऊ! 'देंतो' म्हणजे दात आणि 'नोवा' म्हणजे नवा. हे मराठीतून घेतलेले नाहीत. युरोपातल्या बऱ्याचशा भाषा आणि आपली मराठी या फार पूर्वीच्या नात्यानं चुलत बहिणी लागतात, म्हणून ही जुळणी.

परीक्षेचा दिवस

पहिली काही वर्षं एस्पेरांतो शिकलेले लोक एकमेकांना मुख्यतः पत्रं लिहीत. पत्रात काय, सगळं छान जमतं. शंकेखोर म्हणत, "लिहाल हो! पण समोरासमोर आलात की फ्रेंच माणूस फ्रेंच ढंगानं बोलेल आणि रशियन माणूस रशियन ढंगानं. कुणाचं कुणाला कळणार नाही."

१९०५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या बूलोन या समुद्रकाठच्या गावी पहिलं जागतिक एस्पेरांतो संमेलन भरलं. २० देशांतून ६८८ माणसं आली. आणि काय झालं? ती एकमेकांशी बोलू लागली! भाषणं झाली, गप्पा झाल्या. मोलिएर या फ्रेंच नाटककाराचं एक नाटकसुद्धा झालं, आणि त्यातले नट निरनिराळ्या देशांचे होते. प्रत्येकाच्या बोलण्याला आपापल्या गावचा वास होता, पण समजण्यात अडचण आली नाही. अठरा वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं कागदावर मांडलेले आवाज आता शेकडो तोंडांतून ऐकू येत होते.

मग ही सगळ्यांची भाषा झाली का?

थोडा न्यायाधीशासारखा विचार करू या. लुडविकनं पिशवी भरली ती आपल्या घराजवळच्या दुकानातून. एस्पेरांतोचे आवाज पोलिश आणि बेलारूसी या त्याच्या परिसरातल्या भाषांशी फार जुळतात. त्यात आपली ख, घ, थ, ध, भ ही फुंकर घालणारी अक्षरं नाहीत. ट, ठ, ड, ढ, ण नाहीत. ळ नाही. इतकंच काय, आपला साधा 'अ'सुद्धा नाही! 'कमल' नावाच्या मुलीला तिथं 'कामाल' व्हावं लागेल. 'बाळू'चा होईल 'बालू' आणि 'विठ्ठल'चा 'वित्ताल'.

आता जपानी मुलाचं पाहा. जपानी भाषेत 'र' आणि 'ल' असे दोन वेगळे आवाज नाहीत. एस्पेरांतोत मात्र 'लांदो' म्हणजे देश आणि 'रांदो' म्हणजे काठ. अरबीत 'प' नाही. एस्पेरांतोत 'पानो' म्हणजे पाव आणि 'बानो' म्हणजे आंघोळ! भूक लागलेली असताना केवढी पंचाईत! 'जाणणे' या अर्थाचा एक शब्द तर असा आहे, की त्यात आधी 'स', लगेच त्याला चिकटून 'चमचा'तला च आणि मग दोन वेळा 'इ'. म्हणून पाहा बरं!

बोलणाऱ्यांनी यातल्या काही अडचणी आपणहून दूर केल्या. टोपीवाल्या 'एच'चा आवाज आहे घशातून खरवडून काढलेल्या 'ख'सारखा, उर्दूत 'खबर' म्हणताना येतो तसा. तो पुष्कळांना जड जाई. मग हळूहळू बऱ्याच शब्दांत त्याच्या जागी साधा 'क' आला. हा बदल कुणी हुकूम काढून केला नाही. नदीतला गोटा जसा पाण्यानं गुळगुळीत होतो, तशी ही भाषाही लोकांच्या जिभांवर झिजून गुळगुळीत झाली.

आणखी एक उदाहरण सांगते. १९८४ साली 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या एका इंग्रजी चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या अमेरिकन भाषातज्ज्ञानं परग्रहवासीयांची 'क्लिंगॉन' भाषा तयार केली. त्याला लुडविकच्या उलट हवं होतं. आवाज विचित्र, परके, पृथ्वीवरचे न वाटणारे पाहिजेत. म्हणून त्यानं शोधून शोधून कोणते आवाज घातले असतील? त्यात एक आहे जीभ वळवून म्हणायचा 'ड', आणि एक आहे जीभ वळवून म्हणायचा 'ष'!

हसलात ना? अमेरिकेतल्या प्रेक्षकांना जो आवाज परग्रहावरचा वाटावा, तो आपल्या डब्यात, डोक्यात आणि डाळीत आहे. 'ड' हा आवाज सोपा की अवघड, गोड की कर्कश? त्याचं उत्तर 'ड'मध्ये नाही. ते ऐकणारा कुठं वाढला, यात आहे.

फया आणि फळा

एवढं सगळं सांगण्याचं कारण आता सांगते. आमच्या शाळेत एकदा वर्षाच्या मध्येच वऱ्हाडातून एक मुलगी आली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "बाई, फया पुसू का?" सगळा वर्ग खो खो हसला. त्यानंतर कितीतरी दिवस ती वर्गात तोंड उघडेना. गणितात हुशार होती, पण उत्तर बोलून दाखवायची नाही. पाटीवर लिहून दाखवायची.

तिनं काय चुकीचं केलं होतं? तिच्या घरच्या बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया. खानदेशातही असंच होतं. बहिणाबाई चौधरींनी मनाला 'वढाळ' न म्हणता 'वढाय' म्हटलं, आणि ती कविता आपण पाठ्यपुस्तकात कौतुकानं शिकलो. मग 'फया'ला हसायचं का? हिंदीत तर 'ळ' नाहीच. टिळकांचे तिथं तिलक होतात. आपण त्यांना हसतो का?

पुस्तकातली प्रमाण मराठी सगळ्यांनी शिकायचीच. ती आपली गावोगावच्या माणसांशी बोलायची सामाईक भाषा आहे. पण ती शिकवायची ती घरच्या बोलीला बरोबर घेऊन, तिला लाजवून नव्हे. ब्याविस्तोकच्या बाजारातली भांडणंही अशीच सुरू होत होती. आधी दुसऱ्याच्या बोलण्याची नक्कल, मग त्याचं हसू, मग त्याचा तिरस्कार.

तो तिरस्कार कुठवर जातो, हे झामेनहॉफच्या घरानंच पाहिलं. लुडविक १४ एप्रिल १९१७ रोजी वॉर्सात वारला. पहिलं महायुद्ध तेव्हा चालूच होतं. पुढं जर्मनीत हिटलरच्या राजवटीनं एस्पेरांतोच्या संस्थांवर बंदी घातली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी लुडविकच्या मुलाला, आदामला, १९४० मध्ये आणि झोफिया व लिडिया या दोन्ही मुलींना १९४२ मध्ये ठार मारलं.

भाषा मात्र उरली. १९५४ साली युनेस्कोनं तिच्या कामाची दखल घेतली. आपल्या विनोबा भाव्यांनीही ती शिकून घेतली होती. आज जगाच्या अनेक देशांत ती बोलणारे लोक आहेत, आणि काही घरांत तर मुलं ती आईबाबांकडूनच शिकतात. तिनं जगातली भांडणं मिटवली नाहीत. एकट्या भाषेला ते जमणारही नाही. पण अनोळखी माणसाचं बोलणं ऐकून घ्यायची सवय तिनं कितीतरी जणांना लावली. आणि ती सवय लागायला एस्पेरांतो आलीच पाहिजे असं थोडंच आहे?

करून पाहा

१. तुमचं नाव एस्पेरांतोच्या आवाजांत कसं होईल? आ, ए, इ, ओ, उ हे पाचच स्वर वापरा. ट-ड च्या जागी त-द, ण च्या जागी न, ळ च्या जागी ल घ्या. फुंकर काढून टाका: ख चा क, ध चा द, भ चा ब.

२. 'च' असलेले दहा शब्द लिहा. 'चिमणी'तला च आणि 'चमचा'तला च अशा दोन रांगा करा. मग 'ज'साठीही तसंच करा. 'जेवण' आणि 'जाळं' यांपासून सुरुवात करा.

३. स्वतःची एक भाषा बनवायची आहे असं समजा. त्यासाठी फक्त १४ आवाज निवडा. (२००१ साली कॅनडातल्या सोन्या लँग यांनी 'तोकी पोना' ही छोटीशी भाषा १४ अक्षरांतच बनवली.) त्या १४ आवाजांत घरातल्या सगळ्यांची नावं लिहिता येतात का ते पाहा. कुणाचं नाव बाहेर राहिलं तर त्याच्याशी काय तडजोड करायची, ते त्यालाच विचारून ठरवा.

४. तुमच्या आजीच्या किंवा शेजाऱ्यांच्या बोलीतले, पुस्तकात नसलेले पाच उच्चार गोळा करा. हसण्यासाठी नाही बरं का, वहीत जपून ठेवण्यासाठी.

पालकांसाठी

मूल घरची बोली बोललं की पाहुण्यांसमोर त्याला "नीट बोल" म्हणून दटावू नका. 'असंही म्हणतात आणि पुस्तकात तसं लिहितात', एवढं शांतपणे सांगितलं तरी पुरतं. दोन तऱ्हेचे आवाज येणाऱ्या मुलाच्या पिशवीत एक जिन्नस जास्तच असतो.

बरं, दोस्तांनो, आता निघते. 'जिस रेविदो!' म्हणजे एस्पेरांतोत 'पुन्हा भेटू!' त्यातला 'ज' कुठला, 'जेवण'मधला की 'जाळं'मधला? उत्तर देऊन टाकते: 'जेवण'मधला.